नणंद कुटुंबात येते का?

माझं मेहकरला चष्म्याचं दुकान आहे. घरात बारीक अक्षरात छापलेलं काहीही आलं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, ते वाचायला माझ्याकडे येतं. त्यामुळे आई आणि आत्या जहाजाच्या सहलीला निघाल्या तेव्हा त्यांचा प्रवासविमा निवडायचं काम मला कुणी सांगितलंच नाही. ते माझंच आहे असं दोघी धरून चालल्या होत्या.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती जानेफळला भावाच्या घरी परत आली. आई सून म्हणून आली तेव्हा आत्या घरात होतीच. पुढे आईची नोकरी कधी या गावाला, कधी त्या गावाला. ती पहाटेच्या एसटीने निघून जायची आणि आम्हाला उठवण्यापासून वेण्या-भांगांपर्यंत सगळं आत्या करायची. माझ्या बहिणीला कांजिण्या झाल्या तेव्हा तिच्या उशाशी आत्याच बसली होती. मी मेहकरला राहतो, वडील गेल्यावर त्या घरात दोघीच उरल्या. आई तिला अक्का म्हणते. आत्या आईला मास्तरीन म्हणते, लाडात असली तरी आणि भांडत असली तरी.

चिखलीचे एक टूरवाले निवृत्त शिक्षकांचा गट घेऊन सिंगापूरला जाणार होते. तिथून जहाजाने पेनांग, फुकेत आणि परत. आईच्या बरोबरीच्या बऱ्याच जणी जाणार होत्या. आई एक दिवस दुकानात आली, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी अक्काले घेऊन जाऊन राह्यली."

"आत्या तयार आहे?"

"तिले अजून विचारलं नाही." मग म्हणाली, "मी नोकरी केली थे तिच्या भरवशावर. तिनं घर पाह्यलं नसतं तर मी कोनत्या शाळेत गेली असती?"

संध्याकाळी मी तिच्यासोबत जानेफळला गेलो. आत्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. आईने जहाजाचं सांगितल्यावर तिने हात थांबवले नाहीत.

"मले कायले नेऊन राह्यली? तुह्या मास्तरनी हायेत ना."

"त्यायच्यासोबत मले गमत नाही."

"पान्यातच झोपाचं का?"

"हाव. खोली असते, पलंग असते."

"अन् संडास?"

"थोबी असते खोलीतच."

आत्याने आणखी चार शेंगा फोडल्या. "मंग चाल," ती म्हणाली.

पासपोर्ट झाले. विम्याचा प्रश्न आला तेव्हा मी टूरवाल्यांच्या ऑफिसला गेलो. त्यांच्या पॅकेजमध्ये एक विमा होताच. मी तो वाचला. जमिनीवर अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च, सामान हरवलं तर काही भरपाई, एवढंच. जहाजावर असताना काय झालं तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. आधीपासूनचे आजार तर सरळ वगळलेले. आत्याला शुगर आणि बीपी, आईला थायरॉइड आणि गुडघे. म्हणजे त्या विम्यात त्या दोघी जवळजवळ नव्हत्याच.

टूरवाला माणूस सरळ होता. तो म्हणाला, "सर, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जहाजावर कोणी जास्त आजारी पडलं तर जहाजाचे डॉक्टर त्याला पुढच्या बंदरावर उतरवतात. आमचा मॅनेजर त्याच्यासोबत उतरू शकत नाही, त्याला बाकीचा ग्रुप सांभाळायचा असतो. सोबत कोण राहील ते घरच्यांनी ठरवायचं."

मी जानेफळला जाऊन हे सांगितलं. दोघी एकदमच म्हणाल्या, "मी उतरीन ना." आणि मग एकमेकींकडे बघून दोघींनी तोंड फिरवलं. आईचं म्हणणं, आजारी पडणार ती आत्या. आत्याचं म्हणणं, आजारी पडण्याचा तिला वेळच नसतो.

मेहकरच्या एका एजंटला मी त्यांच्या घरी बोलावलं. त्याने चहा घेतला, आत्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शुगर नका लिहू. लिहिली का हप्ता वाढते. कोन पाहाले येते?"

आत्याने त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. "अन् तिकडे शुगर वाढली तर तुम्ही येसान का मले आनाले?"

तो हसला. आत्या हसली नाही. तो गेल्यावर आई मला म्हणाली, "सगळं खरं लिही. माझे गुडघेसुद्धा लिही." आई गंभीर झाली की तिची मराठी एकदम पुस्तकातली होते. तेव्हा समजायचं की आता वाद घालण्यात अर्थ नाही.

मग मी रोज दुकान बंद व्हायच्या आधी तासभर कॉम्प्युटरवर बसायला लागलो. समुद्रप्रवासासाठीचे विमे वेगळे असतात हे मला तेव्हा कळलं. विमान उशिरा पोचलं आणि जहाज सुटलं तर पुढच्या बंदरापर्यंत न्यायचा खर्च. जहाजावरच्या डॉक्टरची फी, जी शहरातल्या डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त असते. आजारी माणसाला कॅबिनमध्येच थांबायला सांगितलं तर त्या दिवसांची भरपाई. आणि जहाज किनाऱ्यापासून लांब असताना प्रकृती फारच बिघडली तर हेलिकॉप्टरने नेण्याची सोय. हे शेवटचं मी जानेफळला जेवताना सांगितलं आणि चूक केली. त्यानंतर आठवडाभर आत्या येईल त्या माणसाला सांगायची, "मले घ्याले हेलिकॉप्टर येनार हाये." शेजारची म्हातारी घाबरून विचारायला आली की तुमच्या आत्याला काय झालं.

शेवटी एक विमा मला बरा वाटला. आधीचे आजार सांगितले तर जिवावर बेतेल तेव्हा खर्च देणार होते. जहाज होतं, हेलिकॉप्टर होतं. आणि एक कलम होतं की आजारी प्रवाशाला उतरवलं तर सोबत उतरणाऱ्या कुटुंबीयाचा राहण्याचा आणि परतीचा खर्चही मिळेल. मी खुश झालो. मग पुढच्या पानावर 'कुटुंबीय' कुणाला म्हणायचं ते दिलेलं होतं. नवरा, बायको, मुलं, आईवडील, सख्खे भाऊबहीण. मी ते पुन्हा वाचलं. नणंद त्यात नव्हती. भावजयही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जानेफळला जाऊन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा खाटेवर ठेवला. पलीकडे हिंदी बोलणारी एक मुलगी होती. तिला आधी दोघींच्या तब्येतीची माहिती हवी होती. आत्याला तिने विचारलं, "माताजी, आपको पहले कोई बीमारी हुई है? सब बता दीजिए."

आत्या फोनजवळ सरकून बसली. "बचपन में टायफाइड हुआ था. बहुत बडा. फिर बैल ने मारा, इधर पसली में. फिर एक बार बिच्छू काटा, खेत में."

"माताजी, अभी की कोई बीमारी..."

"तू बोली ना, सब बताव. अभी बिच्छू का पूरा सुन. पैर इतना सूज गया था."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मुलगीही हसत असावी, कारण पुढचा प्रश्न तिने अडखळत विचारला. मग शुगर, बीपी, गोळ्यांची नावं, सगळं नीट झालं. आईच्या गुडघ्यांचंही झालं. मग मी कलमाचा प्रश्न विचारला. या दोघींपैकी एकीला उतरावं लागलं तर दुसरीचा खर्च मिळेल का?

"आपस में रिश्ता क्या है, सर?"

"ननद-भाभी."

तिने काहीतरी तपासलं. "सॉरी सर, ननद इसमें नहीं आती. इमिजिएट फॅमिली होना चाहिए."

मी काही बोलायच्या आत आईने फोन उचलून तोंडाजवळ धरला. आईची हिंदी शाळेतली, स्वच्छ. "बेटी, मेरी बात सुनो. मेरे बच्चों को इन्होंने बडा किया. मेरे पति बीमार थे तब अस्पताल में रात को ये रुकती थीं, मैं नहीं, क्योंकि सुबह मेरी शाला रहती थी. हम दोनों का चूल्हा एक है. अब तुम बताओ, ये मेरी फॅमिली नहीं तो कौन है?"

आत्या खाटेजवळ पडलेल्या शेंगांच्या टरफलांकडे बघत होती. तिने पायाने ती उगाच एका जागी गोळा केली.

फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मैं समझ रही हूं. पर मेरे समझने से क्लेम पास नहीं होगा." तिचा आवाज कोरडा नव्हता. "आप एक मिनट होल्ड कीजिए." ती परत आली तेव्हा तिने सांगितलं की त्यांचाच दुसरा एक प्लॅन आहे, थोडा महाग. त्यात कुटुंबीयाऐवजी 'सहप्रवासी' असा शब्द आहे. नातं काहीही असो. फक्त दोघींचं बुकिंग एकाच नंबरवर असलं पाहिजे आणि दोघी एकाच कॅबिनमध्ये असल्या पाहिजेत. "पॉलिसी का कागज पूरा पढ लीजिए, सर. मेरे बोलने पर मत जाइए."

मी पूर्ण वाचला. तिचं खरं होतं. पण एक अडचण निघाली. टूरवाल्याला फोन केला तेव्हा कळलं की त्या दोघी एका कॅबिनमध्ये नव्हत्याच. आत्याला चिखलीच्या एका बाईंबरोबर टाकलं होतं.

"असं काऊन केलं?" मी आईला विचारलं.

उत्तर आत्यानेच दिलं, "मी घोरतो म्हनून. मले मालूम हाये. तिनंच फोन करून सांगतलं आसन."

"अक्का, तसं नाही..."

"तसंच हाये. घरी मधात भिंत हाये म्हनून तुही झोप होते."

आईचा चेहरा पडला. मग तीच उठली, टूरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, आम्हाला एकच खोली द्या. आत्याने आतून ओरडून विचारलं, "अन् झोपचीन कशी?" आई म्हणाली, "कानात कापूस घालून." बुकिंग बदलून आलं, त्या नंबरवर मी विमा काढला आणि त्याच्या तीन प्रती केल्या. एक आईच्या पर्समध्ये, एक आत्याच्या कापडी पिशवीत, एक माझ्याकडे. हेल्पलाइनचा नंबर मी आत्याच्या साध्या फोनमध्ये भरून दिला. तिला अक्षरं वाचता येतात पण इंग्रजी नाही, म्हणून तो 'हेलिकॉप्टर' या नावाने मराठीत भरला. तिने तसंच सांगितलं होतं.

दोघी गेल्या. सिंगापूरहून आईचा फोन आला, जहाज आपल्या सगळ्या बाजारपेठेएवढं आहे, लिफ्टमध्ये अक्काला चक्कर आली नाही. पुढचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर तपासत होतो. आत्याचा आवाज.

"घाबरू नको. तुही माय पडली."

"कुठे?"

"जेवाच्या हॉलात. खाली पानी सांडलं होतं. हात मोडला. डोकंगिकं काही नाही लागलं, बोलून राह्यली, माह्यावरच वरडून राह्यली. जहाजाच्या डाक्टरनं फोटो काढला हाताचा. थे म्हनते इथं जमत नाही, पेनांगच्या दवाखान्यात न्या लागते. उद्या सकाळी जहाज लागते तिथं."

आम्ही सगळ्यांनी आत्याची काळजी केली होती. तिच्या शुगरसाठी, बीपीसाठी तो विमा शोधला होता. पडली आई. गिऱ्हाईक नंबर तपासायच्या फ्रेममधूनच माझ्याकडे बघत होतं.

"आत्या, मॅनेजर कुठे आहे?"

"हाये इथंच. भला मानूस हाये. थो म्हनते, आजी, तुम्ही जहाजावरच राहा, तुम्हाले तिकडची भाषा येत नाही, दवाखान्यावाले पाहतीन तिले. मी सांगतलं, मी उतरून राह्यली. तू फक्त त्या पोरीले सांग, आमी दोघी उतरून राह्यलो म्हनून. मी हेलिकॉप्टरवर फोन केला, पन थे इंग्रजीत बोलून राह्यले."

मी हेल्पलाइनला फोन केला. ती मुलगी नव्हती, दुसरं कुणीतरी होतं, पण काम नीट झालं. पेनांगच्या एका दवाखान्याशी त्यांनी बोलून घेतलं. बंदरावर अँब्युलन्स आली. बाकीचा गट फुकेतला गेला आणि आमच्या दोघी एका अनोळखी देशात उतरल्या. एक हात गळ्यात बांधलेली आई आणि दोन पिशव्या घेतलेली आत्या. तिच्या खांद्याला आईची पर्सही होती.

तिथे काय झालं ते मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे. आईच्या सांगण्यात दवाखाना फार स्वच्छ होता आणि डॉक्टर फार हुशार. मनगटाजवळचं हाड बसवून प्लास्टर घातलं, एक दिवस ठेवून घेतलं. आत्याच्या सांगण्यात आई भूल उतरताना शाळेतल्या पोरांना ओरडत होती. तिथली एक नर्स तमिळ होती. ती तिच्या भाषेत बोलायची, आत्या वऱ्हाडीत. "तिले मीठ मांगतलं तं तिनं मीठ आनलं. आनखी कोनती भाषा लागते?" कंपनीने आत्याला जवळच्या हॉटेलात खोली दिली होती. ती पहिल्या दिवशी तिथे फक्त अंघोळीला गेली आणि परत येऊन आईच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसली. नर्सने जा म्हटलं तर ही हात जोडायची आणि बसून राहायची. शेवटी नर्सनेच एक पांघरूण आणून दिलं.

आईला सगळ्यात वाईट वाटलं ते आत्याचं फुकेत हुकलं याचं. ती फोनवर रडली. "तिले दाखवाले आनलं अन् माह्यासाठी दवाखान्यात बसून राह्यली."

मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "खिडकीतून समुद्र दिसून राह्यला. खुर्चीत बसून पाह्यला, डुलत नाही काही नाही. जहाजावर डोकं फिरे माहं."

आणखी दोन दिवस हॉटेलात राहून त्या विमानाने सिंगापूरला गेल्या. दोघींना चाकाची खुर्ची मिळाली होती, आत्याने तिच्या खुर्चीत बसायला नकार दिला आणि पिशव्या ठेवल्या. सिंगापूरला मॅनेजर घ्यायला आला होता. तिथून गटाबरोबरच मुंबई. विम्याने दवाखाना, हॉटेल, विमानाची तिकिटं, सगळं दिलं. जहाजावरच्या डॉक्टरच्या फीचं मात्र पुढे बरेच दिवस चाललं. एक कागद दिला की दुसरा मागायचे. पण तेही मिळालं.

मी मुंबईला गाडी घेऊन गेलो होतो. समृद्धी महामार्गाने परत येताना दोघी मागच्या सीटवर. आत्याने प्लास्टरखाली स्वतःची दुमडलेली शाल ठेवली होती. वाटेत एका ठिकाणी चहाला थांबलो, तर आत्याने कप आईच्या तोंडाला लावला आणि आई म्हणाली, "एक हात चांगला आहे माझा." तरी तिने कप धरला नाही.

जानेफळला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आईच्या मैत्रिणी फुकेतचे फोटो दाखवायच्या, निळं पाणी, पांढरी वाळू. आत्या ते चष्मा लावून बघायची, चांगलं हाये म्हणायची आणि मग पेनांगच्या नर्सचं सांगायला लागायची. विम्याचं कुणी विचारलं तर ती माझ्याकडे बोट दाखवायची. पण एकदा आमचा एक दूरचा नातेवाईक, म्हाताऱ्या वडिलांना आणि काकांना फिरायला पाठवणारा, मला कोणता विमा घ्यायचा ते विचारत होता. मी हप्ता, वय, आजार असं सांगत असताना आई मध्येच म्हणाली, "आधी हे पाह्य, का एक उतरला तर दुसऱ्याले उतरता येते का नाही."

प्लास्टर असेपर्यंत आईला वेणी घालता येत नव्हती. मी एक दिवस सकाळीच गेलो तर दोघी ओसरीवर बसल्या होत्या. आत्या पायरीच्या वर, आई खालच्या पायरीवर, केस मोकळे. आत्याने तेलाची बाटली मांडीजवळ धरली होती आणि कंगव्याने गुंता काढत होती. आमच्या बहिणीच्या वेण्या ती जशी घालायची तशीच, ओढून.

"अक्का, हळू."

"हळू काऊन? शाळेत जाचं हाये का तुले?"

"डोकं दुखते."

"मंग हालू नको."

आई हलली नाही. आत्याने केसांचे तीन पेड केले आणि मला म्हणाली, "उभा काऊन हायेस? चुलीवर चहा हाये, घे. अन् आम्हालेबी आन."